पावसाळ्यात दार अडकतंय? रंधा मारायच्या आधी हे वाचा

आमची वास्तुशांती आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दोन दिवस आधी झाली. जळगावातला मे महिना, बाहेर 44 डिग्री, आणि दारं अशी चपखल बसलेली की मिस्तरी स्वतः चार-चारदा उघडझाप करून दाखवत होता, बघा साहेब फट म्हणून नाही. मी पण खुश, त्याला वरून पाचशे रुपये दिले. मग श्रावण आला, घरात पहिल्यांदाच कानबाई (आमच्या खान्देशातली देवी) बसवली, रोटाच्या म्हणजे तिच्या नैवेद्याच्या दिवशी सगळं भाऊबंद जमलेलं, आणि हॉलचं मेन दार जे लागलं ते उघडेचना. आतून मी ओढतोय, बाहेरून सासरे ढकलतायत (दार आत उघडतं म्हणून बरं), शेवटी धाडकन उघडलं आणि मी मागच्या मागे चपलांच्या ढिगात. शेजारचे काका ओट्यावरूनच म्हणाले, "दार फुगी गयं ना भो."

दुसऱ्या दिवशी कानबाईचं विसर्जन झालं आणि दुपारीच मिस्तरीला बोलावून मी दाराला रंधा मारून घेतला. ही माझी मोठी चूक. त्या दिवशी दार मस्त चाललं, पण डिसेंबर-जानेवारीत त्याच दाराच्या कुलपाच्या बाजूला बोट जाईल एवढी फट पडली, रात्री ओट्यावरच्या लाइटची उभी रेघ हॉलच्या फरशीवर पडायची आणि गार वारा सरळ आत. मग पुन्हा मिस्तरी, पुन्हा पैसे, सागाची बारीक पट्टी चिकटवून फट बुजवली. ती पट्टी अजूनही वेगळ्या रंगाची दिसते.

त्यानंतर तीन पावसाळे गेले, घरातली सगळी दारं मी स्वतः एकेक करून तपासली, काही नीट केली, एक बिघडवलं. नवीन घरात राहायला आलेल्यांसाठी किंवा पहिल्यांदाच हे बघणाऱ्यांसाठी जे कळलं ते क्रमाने लिहितो.

आधी दोन मिनिटं कारण समजून घ्या

आपल्याकडे सगळे म्हणतात गरमीने दार फुगतं. लाकडाचं दार गरमीने फुगत नाही, ते हवेतल्या ओलीने फुगतं. लाकूड कापून, वाळवून, दार बनवून झाल्यावरसुद्धा हवेतली वाफ आत घेत असतं आणि सोडत असतं, ते कधी थांबत नाही. आपल्या मे महिन्यातली गरमी कोरडी असते, तेव्हा लाकडातलं पाणी साधारण 6-7 टक्क्यांवर येतं आणि लाकूड आकसतं. जुलै-ऑगस्टमधे झड लागली की तेच लाकूड 14-15 टक्के किंवा त्याच्याही वर जातं आणि फुगतं. कोकणात हवा बाराही महिने दमट, तिथे एवढी उलथापालथ होत नाही. खान्देशात मात्र एकाच वर्षात भट्टी पण आणि झड पण, म्हणून आपली दारं जास्त नखरे करतात.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ फुगत नाही. म्हणजे झाड जसं उभं वाढलं त्या दिशेला, रेषांच्या दिशेला, फरक नगण्य, आणि रेषांच्या आडवा फरक भरपूर. हिशोब सांगतो. पॅनलच्या सागाच्या दाराला दोन उभ्या पट्ट्या असतात, समजा प्रत्येकी 100 मिमी. दर एक टक्का ओलीला आडव्या दिशेला लाकूड अंदाजे 0.2 टक्के हलतं असं धरलं तर 8 टक्के ओल वाढल्यावर दोन्ही पट्ट्या मिळून 3 मिमीच्या आसपास फुगतात. मधले पॅनल खाचेत सैल बसवलेले असतात, ते आतल्या आत फुगतात म्हणून मोजायचे नाहीत. गावाकडच्या जुन्या सलग फळ्यांच्या 80 सेंमी रुंद दाराला हाच हिशोब लावला तर एक सेंटिमीटरच्याही वर जातो, म्हणूनच त्या दाराच्या फळ्यांमधून उन्हाळ्यात गल्ली दिसते आणि पावसाळ्यात दिसत नाही. आणि उंची? दोन मीटरच्या दाराची उंची एक मिमीसुद्धा वाढत नाही.

ह्यावरून काय कळतं, तर लाकडी दार कुलपाच्या बाजूला वरपासून खालपर्यंत घासत असेल तर ते फुगलंय. वरच्या नाहीतर खालच्या कोपऱ्यात घासत असेल तर बहुतेक वेळा ते फुगणं नाहीच, बिजागरी खचलीय किंवा चौकट हललीय. मिस्तरी मात्र दोन्हीला एकच औषध देतो, रंधा.

सामान काय लागेल

रंगीत खडू, जुनं एटीएम कार्ड (शक्य झालं तर चार, पुढे सांगतो), मेजरटेप, पेन्सिल, एक छोटा आरसा, मोठा स्क्रू ड्रायव्हर, 2 इंची स्क्रू आठ-दहा, फेविकॉल, काडेपेटी किंवा बांबूची चीप, 80 आणि 120 नंबरचा पॉलिश पेपर, पांढरी मेणबत्ती, दोरी आणि नट (ओळंबा म्हणून). रंधा सगळ्यात शेवटी, आणि तो मिस्तरीचाच वापरा, स्वतः विकत घेऊ नका. मी घेतला, पडून आहे.

1. कधी अडकतं ते आठ दिवस लिहून ठेवा

कंटाळवाणं वाटेल पण करा. कॅलेंडरवर नुसती फुली मारली तरी चालेल. पाऊस लागून राहिला की अडकतं आणि चार दिवस ऊन पडलं की सुटतं, म्हणजे ओल. दुपारी अडकतं आणि रात्री सुटतं, म्हणजे उन्हाचा ताप, आणि तो प्रकार लोखंडी नाहीतर पीव्हीसी दाराचा असतो. बाराही महिने अडकतं म्हणजे बिजागरी किंवा चौकट.

आणि इथे आपल्याकडची एक खास भानगड, कुलर. आमच्या बेडरूमचं दार भर मे महिन्यात अडकायला लागलं तेव्हा मी चक्रावलो, कारण बाकी सगळी दारं तेव्हा खुळखुळी झालेली. नंतर कळलं की खिडकीतला कुलर रात्रभर ओली हवा सोडतो, आणि आम्ही हॉलमधे गार जाऊ नये म्हणून दार लावून झोपायचो. खोलीत आषाढ आणि बाहेर वैशाख. दाराची आतली बाजू ओली, बाहेरची कोरडी, मग दार नुसतं फुगत नाही तर त्याला बाक येतो, वरचा कोपरा चौकटीला टेकतो आणि खालचा टेकत नाही, लॅच लागत नाही. उपाय फुकटचा आहे. कुलर चालू असताना दार किंवा समोरची खिडकी चार-सहा बोटं उघडी ठेवा. कुलर तसाही हवा बाहेर जायला वाट असेल तरच गार करतो, बंद खोलीत नुसता दमटपणा वाढवतो. आम्ही असं केल्यावर दोन-तीन आठवड्यात बाक बराच कमी झाला, पूर्ण नाही.

2. दार कशाचं आहे ते ओळखा

सागाचं पॅनलचं दार असेल तर नशीबवान आहात, नेहमीच्या लाकडात साग कमी हलणाऱ्यांपैकी. चौकट मात्र बऱ्याच घरात कडुनिंबाची किंवा बाभळीची असते, शेतातलंच झाड तोडलेलं, नीट वाळायच्या आधीच लावलेलं, ती पहिली दोन-तीन वर्षं पिळ खात राहते.

फ्लश डोअर, म्हणजे सपाट, वरून सनमायका नाहीतर व्हिनियर, ते रुंदीत फारसं फुगत नाही कारण आत प्लायसारखे उभे-आडवे थर एकमेकांना धरून ठेवतात. पण त्याच्या कडेतून पाणी आत गेलं की ते जाडीत फुगतं, खालचा भाग पावासारखा होतो आणि थर सुटतात. असं झालेलं दार परत पहिल्यासारखं होत नाही, उगाच वाळवत बसू नका.

बाथरूमचं पीव्हीसी (प्लास्टिक) किंवा डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळलेलं) दार हवेतल्या ओलीने अडकत नाही, त्याची कारणं वेगळी, ती 9 नंबरला.

3. कुठे घासतंय ते खडूने शोधा

डोळ्याने बघून कळत नाही. रंग उडालेला दिसतो तो कधीचा असेल सांगता येत नाही. रंगीत खडू आडवा धरून चौकटीच्या आतल्या अंगाला तीनही बाजूंनी चोळायचा, दार हळूच लावायचं, मग उघडायचं. जिथे घासतं तिथे दाराच्या कडेवर खडू उठतो. आमच्या मेन दाराला निळा खडू लावला तर कडीच्या थोडं वरपासून खाली घोट्यापर्यंत सलग निळी पट्टी उठली, म्हणजे खरंच फुगलेलं. किचनच्या दाराला फक्त वरच्या कोपऱ्यात करंगळीच्या पेराएवढा ठिपका उठला. तो ठिपका बिजागरीचा निघाला. मला आधी कळलं असतं तर त्या दाराला रंधा मारू दिला नसता.

मग एटीएम कार्ड. सगळी कार्डं एकाच जाडीची असतात, 0.76 मिमी, म्हणजे चार कार्डं एकत्र धरली की 3 मिमीचं माप घरात तयार. दार लावून फटीत कार्ड सरकवत सगळीकडे फिरा, जिथे एकही जात नाही तिथे पेन्सिलने खूण, आणि प्रत्येक बाजूला किती कार्डं जातात ते लिहून ठेवा. ह्या नोंदीची पुढे गरज पडते.

4. बिजागऱ्या आधी, लाकूड नंतर

दार अर्धं उघडा, कुलपाच्या बाजूला मुठीने धरून वर उचलायचा प्रयत्न करा. खटखट आवाज आला किंवा बिजागरीचं पान चौकटीवरून हललं तर तुमचा प्रॉब्लेम इथेच आहे, पुढचे अर्धे नंबर वाचायची गरज नाही. दुसरी खूण, बिजागरीच्या बाजूला वर फट मोठी आणि खाली छोटी दिसते.

बऱ्याच घरात मिस्तरीने स्क्रू फिरवायच्या ऐवजी हातोडीने ठोकलेले असतात. दिसायला स्क्रू, धरायला खिळा. एक स्क्रू काढून बघा, भोकात आटे दिसले नाहीत, नुसतं गुळगुळीत भोक असेल तर ठोकलेला आहे. असं करा. दाराखाली पुस्तकं नाहीतर पाचर लावून दाराचं वजन त्याच्यावर घ्या (हे विसरू नका, मी विसरलो आणि दार पायावर आलं). एकेक स्क्रू काढायचा, भोकात फेविकॉल आणि काडेपेटीच्या काड्या गुल काढून कच्च भरायच्या, बांबूची चीप मिळाली तर अजून चांगलं, रात्रभर वाळू द्यायचं, सकाळी स्क्रू फिरवून बसवायचा. सगळ्यात वरच्या बिजागरीला चौकटीच्या बाजूने निदान एक-दोन स्क्रू 2 इंची लावा, कारण दाराची सगळी ओढ तिथेच येते.

एवढं करूनही खालचा कोपरा फरशीला घासत असेल तर खालच्या बिजागरीचं चौकटीकडचं पान सोडून त्याच्यामागे पुठ्ठ्याचा तुकडा घाला, लग्नपत्रिकेचा जाड कागद चालतो. खालची बाजू जराशी पुढे येते आणि कुलपाकडची बाजू उचलली जाते. एक पुठ्ठा घालून बघा, मग दुसरा. एकदम चार घातले तर दार उलट्या बाजूला अडकतं.

5. चौकट काटकोनात आहे का

मेजरटेपने चौकटीचे दोन्ही तिरके माप घ्या, वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा, आणि उलटं. दोन्ही सारखी यायला हवीत. 3-4 मिमीचा फरक चालून जातो, त्याच्यापेक्षा जास्त असेल तर चौकट कलली आहे. मग वरच्या पट्टीवरून दोरीला नट बांधून सोडा, उभी पट्टी कोणत्या बाजूला झुकली ते लगेच दिसतं.

तापी खोऱ्यात गावाबाहेरचे बरेच प्लॉट म्हणजे कालपरवापर्यंतची कपाशीची नाहीतर केळीची शेतं. काळी माती. पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही. घराचा पाया उथळ असेल तर माती घरालाही थोडं उचलते आणि सोडते, भिंत हलते, भिंतीसोबत चौकट हलते. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी चीर भिंतीवर गेलेली असेल आणि ती पावसाळ्यात एक आणि उन्हाळ्यात एक अशी रुंद-अरुंद होत असेल, तर सुताराचा विषय संपला. चिरेवर पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख टाका, रुंदी लिहा, दर दोन महिन्यांनी बघा. रुंदी वाढतच असेल तर सिव्हिल इंजिनिअरला दाखवा. तोपर्यंत एवढं तरी करा की पत्र्याचं, गच्चीचं पाणी पायाशी साचू देऊ नका आणि जोत्याला लागून बाग-झाडं लावून रोज नळी सोडू नका. आमच्या लाइनीतल्या एका घरात गच्चीच्या पाइपाचं तोंड फक्त फिरवून पाणी गटारीकडे नेलं, पुढच्या पावसाळ्यात त्यांचं मागचं दार पहिल्यासारखं लागायला लागलं.

चौकट तपासताना खालचा वीतभर भाग बोटाने ठोकून बघा. पोकळ आवाज आला, मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. त्याचा इलाज आधी, दाराचा नंतर.

6. पावसाळाभर काम चालवायचं असेल तर

खडूने कळलं की दार खरंच फुगलंय, आणि अजून पावसाळ्याचे दोन महिने बाकी आहेत. मग घाई नाही. जिथे खडू उठला तिथली कड कोरड्या फडक्याने पुसा, मेणबत्ती दाबून चोळा, चौकटीलाही चोळा. गोडं तेल नको, धूळ धरून चिकट राप बसतो आणि मुंग्या येतात. मेणबत्ती दहा-पंधरा दिवस टिकते, परत चोळायची. एकच गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिथे रंग मारायचा असेल तर मेण आधी पॉलिश पेपरने पूर्ण काढावं लागतं, नाहीतर रंग धरत नाही.

अगदीच अडत असेल तर 80 नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून फक्त खूण केलेल्या जागी घासा, एक कार्ड जाईल एवढंच, आणि थांबा. उघड्या पडलेल्या लाकडावर लगेच काहीतरी लावा, निदान प्रायमरचा हात.

आणि दार आपटू नका, लाथ मारू नका. अडकलेलं दार ओढून ओढून बिजागरी खचते, मग फुगणं आणि खचणं दोन्ही एकत्र, आणि कशामुळे काय होतंय ते कुणालाच कळत नाही. आमच्या किचनचं असंच झालं.

7. रंधा: कधी आणि किती

दिवाळीनंतर. ऑक्टोबरचं ऊन खाऊन, हवा कोरडी झाल्यावर. तुम्ही म्हणाल तेव्हा तर दार अडकतच नाही, मग कळणार कसं किती काढायचं? म्हणूनच 3 नंबरला कार्डांची नोंद करून ठेवायला सांगितलं. पावसाळ्यात जिथे एकही कार्ड जात नव्हतं तिथे दिवाळीनंतर किती जातात बघा. समजा दोन जातात, म्हणजे तुमच्या दाराची हालचाल दीड मिमी आहे आणि भर पावसात मोकळं राहायला अजून दीडएक मिमी हवी. तेवढीच काढायची. कोरड्या दिवसात कुलपाच्या बाजूला 3 मिमी, चार कार्डं, एवढी फट लाकडी दाराला हवीच, फळ्यांच्या दाराला आणखी जास्त. "फट म्हणून नाही" असं मिस्तरी मे महिन्यात अभिमानाने सांगत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

मिस्तरी आल्यावर उभं राहून बघा, एवढं अवघडलेपण सोसायचं. कुलूप-लॅच आधी काढायला सांगा. पॅनलच्या दाराच्या वरच्या कडेला रंधा मारायचा असेल तर तो कोपऱ्याकडून मधे आणायचा, बाहेर न्यायचा नाही, बाहेर नेला तर टोकाचं लाकूड चिरफळतं. फ्लश डोअरला कडेने सागाची बारीक पट्टी असते, काही मिमीचीच, लिपिंग म्हणतात, ती संपून आतला प्लाय दिसायला लागला तर पुढच्या पावसात पाणी तिथूनच आत जाणार. तेवढं काढायची वेळ येत असेल तर चौकटीकडे बघा, दाराकडे नको.

आणि लॅच लागत नाही म्हणून दाराला रंधा मारू देऊ नका. दार नीट बंद होतंय, फक्त लॅचची जीभ चौकटीवरच्या पत्रीच्या भोकात जात नाही, असं असेल तर पत्रीचं भोक कानशीने दोन-तीन मिमी वाढवलं की काम होतं. दहा मिनिटांचं काम आहे.

8. सहा बाजू, आणि आरसा

हा नंबर मी मुद्दाम लांबवणार आहे कारण माझं सगळं दुखणं इथे निघालं.

रंगारी दाराच्या दोन्ही अंगांना छान तीन हात मारतो, बाजूच्या कडांना एखादा, आणि वरची आणि खालची कड तशीच सोडतो. कारण दार लावल्यावर तिथे ब्रश जात नाही आणि दिसत पण नाही. पण उभ्या पट्ट्यांचं कापलेलं तोंड नेमकं तिथेच असतं. लाकडाच्या आतल्या नळ्या, ज्यातून झाड पाणी वर चढवायचं, त्यांची उघडी टोकं. लाकूड सगळ्यात जास्त ओल तिथूनच पितं, अंगावरून पितं त्याच्या कितीतरी पट वेगाने. म्हणजे आपण पिंपाला बाहेरून रंग दिला आणि झाकण उघडं ठेवलं.

स्टुलावर चढून वरची कड हाताने चाचपा, आणि खालच्या कडेसाठी दाढीचा छोटा आरसा फरशीवर ठेवून मोबाइलची टॉर्च मारा. मी बघितलं तेव्हा आमच्या मेन दाराच्या खालच्या कडेवर रंगाचा थेंब नव्हता, कोरं पिवळट लाकूड, त्यावर करवतीचे ओरखडे आणि मिस्तरीच्या हातचा पेन्सिलीने लिहिलेला आकडा, 38½. रोज फरशी पुसताना तीन मिमी वर असलेली ती कड दीड वर्षं पाणी पीत होती.

काम असं. मार्च-एप्रिलमधे करा, लाकूड सगळ्यात कोरडं असतं तेव्हा. पावसाळ्यात कडा रंगवल्या तर आतली ओल कोंडते, पुढे लाकूड आकसलं की रंग पापडासारखा सुटतो. दार बिजागऱ्यांतून काढा, दोघं जण लागतात, सागाचं दार एकट्याने उचलायच्या भानगडीत पडू नका. दोन खुर्च्यांवर आडवं ठेवा, कडा 120 नंबरने घासा, धूळ झटका. मग तेलाचा वुड प्रायमर, तो उघड्या टोकांवर इतका शोषला जातो की पहिला हात गायबच होतो, घाबरू नका, दुसरा मारा. वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन हात. पॉलिशचं दार असेल तर पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) दोन-तीन हात. बिजागरीची खाच आणि लॉकचं भोक आतून पण, तिथे सगळे विसरतात. मधे एक दिवस वाळू द्या, म्हणजे रात्रभर दार नसणार, हे घरात आधी सांगून ठेवा. आमच्याकडे चादर लावून झोपलो आणि मांजर आत आलं.

रंगाने ओल थांबत नाही, तिचा वेग कमी होतो, एवढंच. पण आपल्याकडे झड काही चार महिने सलग नसते, मधे ऊन पडतं, त्यामुळे दार फुगून अडकेपर्यंत पाऊस उघडतो.

9. लोखंडी आणि पीव्हीसी दारं

इथे मात्र खरंच गरमीने फुगतं. पश्चिमेचं काळ्या रंगाचं लोखंडी दार मेमधे दुपारी चारला हात लावून बघा, लावता येणार नाही. पहाटेच्या मानाने ते 40 डिग्रीने जास्त तापत असेल तर दोन मीटरमागे एक मिमीच्या आसपास वाढतं. दिसायला कमी, पण कडी-कोयंडा घट्ट बसवलेला असेल तर तेवढ्यात अडकतो. कोयंड्याचं भोक जरा मोठं करा, शक्य असेल तर फिकट रंग द्या. गेटचा खालचा बोल्ट फरशीच्या भोकात जात नसेल तर भोक आधी साफ करा, नव्वद टक्के वेळा त्यात माती असते.

पीव्हीसी तर लोखंडाच्या कितीतरी पट जास्त वाढतं, दोन मीटरला 30 डिग्रीमागे 4 मिमीच्या आसपास. म्हणून गच्चीच्या जिन्याला पीव्हीसीचं दार लावू नका, तिथे ऊन थेट पडतं. बाथरूममधे त्याला ऊन नसतं, तिथे अडकलं तर स्क्रू गंजून बिजागरी ढिली झालेली असते, स्टीलचे स्क्रू टाका.

10. नवीन दार घेताय किंवा नवीन घराचा ताबा मिळालाय

दार आणल्या आणल्या लावू नका. दोन-तीन आठवडे घरातच आडवं, खाली तीन पट्ट्या देऊन सपाट ठेवा, भिंतीला तिरकं टेकवून नाही, बाक येतो. फ्लश डोअर घेताना आयएस 2202 (फ्लश डोअरचं भारतीय मानक) आणि आयएसआयची खूण बघा. दुकानदाराला वॉरंटी विचारा आणि त्यात सहाही बाजू रंगवल्या नाहीत तर वॉरंटी नाही अशी अट आहे का ते वाचा.

बिल्डरकडून घर घेतलं असेल आणि प्रोजेक्ट रेराखाली (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर नियम घालणारा कायदा) असेल तर 2016 च्या रेरा कायद्याचं कलम 14 (3) माहीत असू द्या. ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा, कारागिरीचा किंवा दर्जाचा दोष निघाला आणि तुम्ही कळवलात, तर बिल्डरने 30 दिवसांत फुकट नीट करून द्यायचा असतो. चौकट कलली, दाराचे थर सुटले, हे लेखी कळवा, फोनवर "हो हो माणूस पाठवतो" ह्यावर राहू नका. कागद हे लागतील: अॅग्रीमेंट, ताब्याचं पत्र, दाराचे आणि चिरांचे तारखेसकट फोटो, आणि ईमेल किंवा रजिस्टर पत्राची पोच. तुम्ही आधीच रंधा मारून, पट्ट्या चिकटवून बसला असाल तर बिल्डर सगळं तुमच्यावर ढकलणार, म्हणून फोटो आधी, हत्यार नंतर.

भाड्याचं घर असेल तर घरमालकाला विचारल्याशिवाय दाराला रंधा लावू नका, मेणबत्तीवर भागवा. खडूचे फोटो त्यांना पाठवा, बहुतेक जण बिजागरीचा खर्च देतात.

आणि दाराचं बिल जपून ठेवा. आमचं वास्तुशांतीच्या उरलेल्या पत्रिकांसोबत रद्दीत गेलं, पाचशे रुपये वरून दिलेले ते वेगळेच.